दोन उभे यजमान

तंजावूरच्या नव्या मॉलमध्ये दुसऱ्या मजल्यावर स्टेक आणि रिब्ज मिळतात असं एक हॉटेल आहे. गेल्या महिन्यात एका रविवारी दुपारी तिथे माझे दोन सख्खे भाऊ एका टेबलाच्या दोन बाजूंना चिमटे घेऊन उभे होते आणि मधे मी एकटी बसून जेवत होते. हा प्रकार आमच्या नातेवाइकांत बराच गाजला आहे. त्याच्या निरनिराळ्या तऱ्हा माझ्या कानावर आल्या, त्यातली एकही धड नाही. एकीत तर मी हॉटेलात रडले असंही आहे. मी रडले नाही. म्हणून एकदा नीट सांगून टाकते.

आम्ही तिघं भावंडं. थोरला रघुनाथ, आमचा अण्णा, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाला. सगळी नोकरी कालव्याच्या या काठावरून त्या काठावर ओरडण्यात गेल्यामुळे त्याला हळू बोलता येत नाही. कानात सांगितलेली गोष्टही तो शेजारच्या घरापर्यंत पोचवतो. धाकटा सतीशकुमार दातांचा डॉक्टर. त्याचं आयुष्य आ वासून बसलेल्या माणसांशी बोलण्यात गेलं, त्यामुळे समोरचा काही उत्तर देईल ही शक्यता तो धरतच नाही. मधली मी, वसुमती. सासर ओरत्तनाडूला, नोकरी तिथल्याच वीज मंडळाच्या ऑफिसात झाली, आणि नवरा गेल्यापासून त्याच घरात एकटी. मुलगा सिंगापूरला असतो आणि दर आठवड्याला फोन करून मला पाणी पीत जा म्हणून सांगतो.

आम्ही तंजावूरचे मराठे. इतक्या पिढ्यांत आमचं काय टिकलं आणि काय गेलं याची चर्चा करणारे लोक वेगळे आहेत, त्यांची संमेलनंही भरतात. मला एवढंच ठाऊक आहे, की जेवायला वाढायची रीत टिकली. घरी पाहुणे आले की घरचा कर्ता पुरुष त्यांच्याबरोबर जेवायला बसत नाही. तो उभा राहतो. एका हातात मटणाचं भांडं, दुसऱ्या हातात पळी, आणि नजर प्रत्येकाच्या केळीच्या पानावर. शेवटच्या पाहुण्याने हात धुतला की मग तो बसतो आणि उरलंसुरलं जेवतो. त्यामुळे आमच्याकडे कुठल्याही जेवणाला गेलं तरी घर कुणाचं हे विचारावं लागत नाही. उभा असेल तो घरचा आणि बसला असेल तो पाहुणा.

याच रीतीवरून माझ्या भावांचं बोलणं बंद झालं. जमिनीवरून झालं असतं तर बरं होतं, कोर्टात जाऊन वीस-पंचवीस वर्षांत सुटलं तरी असतं. दर साल तै महिन्यात, पोंगल झाल्यावर, आमच्याकडे कुलदेवीचं जेवण असतं. बोकड कापतात, सगळे नातेवाईक येतात. आई होती तोवर ते अण्णाकडे व्हायचं आणि आई गेल्यावरही त्याच्याकडेच होत राहिलं. कोविडच्या आदल्या साली अण्णाच्या घरात फरशी बदलायचं काम निघालं, म्हणून जेवण सतीशकडे ठेवलं. पानं मांडली, माणसं बसली. अण्णाने सवयीने पळी उचलली. सतीशने ती त्याच्या हातातून हळूच काढून घेतली आणि म्हणाला, "अण्णा, तुम्ही बसा."

यात वाईट शब्द एकही नाही. मी तिथेच होते, आणि मला त्या वेळी काही झालंय असं कळलंसुद्धा नाही. अण्णा बसला, दोन घास खाल्ले, हात धुतला, चपला घातल्या आणि निघून गेला. घरी जाऊन वैनीला म्हणाला, आज माझ्या पाठच्या भावाने मला पाहुणा केलं. सतीशचं म्हणणं, माझ्या घरात मी वाढायचं नाही तर कोणी? दोघांचंही बरोबर होतं, आणि तिथेच सगळं अडलं. एकाचं जरी चुकलं असतं तरी मी त्याला झापून माफी मागायला लावली असती. पुढच्या सालापासून दोन घरी दोन बोकड, एकाच दिवशी. नातेवाईक आधी एकाकडे जेवतात, मग दुसऱ्याकडे जेवतात, आणि याबद्दल कुणाची तक्रार असल्याचं मी अजून ऐकलेलं नाही.

अडकले ती मी. अण्णाकडे उतरले तर सतीश म्हणणार, आक्काने माहेर कोणतं ते ठरवून टाकलं. सतीशकडे उतरले तर अण्णा काहीच म्हणणार नाही, पण अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असा गप्प बसेल. म्हणून मी दोघांकडेही जायचं सोडलं. तंजावूरला माझं काम निघतंच, बँकेत, डोळ्यांच्या डॉक्टरकडे, कधी देवळात. येते, काम उरकते, बसस्टँडसमोर उभ्या उभ्या कॉफी पिते आणि ओरत्तनाडूची बस धरते. नवरा होता तोवर हे खपून गेलं. माझं कुणावाचून काही अडत नाही असं मी मिरवतही होते. तो गेला तेव्हा दोघे भाऊ आले, दोन गाड्यांनी, आणि तिण्णैच्या, म्हणजे आमच्या ओट्याच्या, दोन टोकांना पाठी वळवून बसले. त्या दिवशी मला नवऱ्याचं दुःख होतंच, पण या दोघांचा रागही तेवढाच आला होता. आणि त्यानंतरच्या महिन्यांत, रिकाम्या घरात एकटीचा भात लावताना, मला कळून चुकलं की मला माहेर हवं आहे. साठी उलटलेल्या बाईने हे बोलून दाखवायचं म्हणजे लाजच, पण हवं होतं. जाऊन चार दिवस लोळायला, कुणीतरी काय करू म्हणून विचारायला.

अण्णाची मुलगी नंदिता चेन्नईला नोकरी करते. तिला मी फोनवर म्हटलं, की तुझ्या बापाला आणि चुलत्याला एकदा एका ठिकाणी जेवलेलं मला बघायचं आहे. ती म्हणाली, "आत्या, घरात नको. हॉटेलमध्ये ने. तेथे कोणाचं घर नाही." मॉलमधलं हे हॉटेल तिनेच सुचवलं.

रिब्ज म्हणजे बरगड्या. कशाच्या, ते मी आधी हॉटेलात फोन करून विचारून घेतलं. मटणाच्या होत्या, डुकराच्या होत्या, आणि स्टेक कोंबडीचाही मिळत होता. मला बेत पसंत पडला, आणि त्याला एक कारण होतं जे नंदितालाही सुचलं नव्हतं. आमच्याकडे मटणातली नळी पाहुण्याला आणि बरगड्या घरच्यांना, अशी वाटणी असते. नळी पाहुण्याच्या पानात पडली नाही तर जुळलेली सोयरीकही मोडू शकते. बरगडी कुणाच्या पानात पडली याची मात्र कुणी चौकशी करत नाही. आणि या हॉटेलात सगळ्यांना नुसत्या बरगड्याच. म्हणजे सगळे घरचे. शिवाय वाढायला पगारी माणसं. दोघांनाही खाली बसण्यावाचून गत्यंतर नाही, असं मी धरून चालले होते.

अण्णाला फोन केला. म्हटलं, "अण्णा, त्या मॉलातल्या हॉटेलात मला एकदा जेवाला घेऊन चल. सतीश पण येतो आहे."

अण्णा म्हणाला, "सरि, बरं, येऊ दे. मला काय त्याचं?"

मग सतीशला फोन केला. "सतीश, मला त्या हॉटेलात जेवाला घेऊन चल. अण्णा पण येतो."

"येऊ देत की. मी कधी नको म्हटलं?"

दोघं इतक्या सहज कबूल झाले म्हणून मी त्या आनंदात नवं पातळ काढलं. दोघांनाही मी एकच गोष्ट सांगून बसले होते, मला जेवायला घेऊन चल. आमच्याकडे जेवायला घेऊन जाणारा माणूस काय करतो, हे मी वर सांगितलंच आहे. ते तुमच्या लक्षात असेल. माझ्या राहिलं नाही.

हॉटेलाच्या दारात काळा टी-शर्ट घातलेली एक मुलगी उभी होती. तिच्या छातीवर अखिला अशी पाटी होती आणि सगळी देखरेख तिच्याकडे होती. अण्णा माझ्या आधी येऊन दारात थांबला होता, पांढरीशुभ्र वेष्टी, म्हणजे लुंगीसारखं नेसलेलं धोतर, पांढरा शर्ट, खांद्यावर जरीच्या काठाचं उपरणं. सतीश माझ्या मागोमाग सरकत्या जिन्याने आला, तोही पांढऱ्या शर्टात. दोघांनी एकमेकांकडे बघितलं नाही. ते न बघण्याचा सराव आता दोघांना उत्तम झाला आहे.

"राव, तीन जण," अण्णा म्हणाला.

"राव, तीन जण," सतीश म्हणाला.

अखिलाने हातातल्या टॅबवर बघितलं. "सर, रावांची दोन बुकिंग आहेत," ती तमिळमध्ये म्हणाली. "तीन आणि तीन. एकूण सहा जण ना?"

"तीन," आम्ही तिघेही म्हणालो.

तिने आत शेजारशेजारची दोन टेबलं राखून ठेवली होती. अण्णा सरळ जाऊन एका टेबलापाशी उभा राहिला आणि सतीश दुसऱ्या. दोघांनीही आपापल्या टेबलाची एक एक खुर्ची माझ्यासाठी बाहेर ओढली. मी मधल्या वाटेत पर्स घेऊन उभी. भिंतीवर लाकडाचं, शिंगं असलेलं, चांगलं हातभर रुंद असं बैलाचं डोकं लावलेलं होतं. मोठ्या देवळातला अख्खा नंदी लहानपणापासून बघितलेल्या माणसाला नुसतं डोकं बघून जरा चुकल्यासारखं होतं. मी ते बघत राहिले, कारण दुसरीकडे कुठे बघायची सोय नव्हती.

शेवटी अखिलाने दोन पोरांना बोलावून टेबलं जोडून घेतली. आता एक लांब टेबल आणि सहा खुर्च्या झाल्या. मी मधल्या खुर्चीवर बसले. बाकीच्या पाच खुर्च्यांवर कुणी बसेना.

"सर, बसा ना," अखिला म्हणाली.

"तू बघू नको इकडे, अम्मा. आम्ही ठीक आहोत," अण्णा तिला म्हणाला, आणि पलीकडच्या ज्यूसच्या दुकानातल्या माणसाने वळून बघितलं.

मेन्यूकार्ड अण्णाने हात लांब करून वाचलं. त्याने मटणाच्या बरगड्या मागवल्या, पूर्ण. सतीशनेही मटणाच्या बरगड्या मागवल्या, पूर्ण, आणि वर एक कोंबडीचा स्टेक. मग अण्णाने स्टेक मागवला. मग सतीशने भाजलेली कणसं. अखिला दोघांकडे आळीपाळीने बघत लिहून घेत होती. मी मधे बोलले नाही. मला वाटत होतं, अन्न आलं की वासानेच बसतील. दोघेही लहानपणापासून हावरट आहेत.

अन्न आलं. दोन मोठ्या लाकडी फळ्या, त्यांवर आडव्या पसरलेल्या बरगड्या, वरून काळपट तांबडा रस लावलेला, बाजूला कुस्करलेला बटाटा. वाढणाऱ्या पोराने चिमटा उचलला. अण्णाने तो त्याच्या हातातून काढून घेतला. "दे. मी वाढतो." दुसऱ्या फळीवरचा चिमटा सतीशने तोवर उचललाच होता. पोरगा बिचारा मोकळे हात घेऊन दोन पावलं मागे सरकला.

"वसु, घे," अण्णाने उजवीकडून एक बरगडी माझ्या ताटात टाकली.

"आक्का, हे घे, मऊ आहे, दाताला त्रास नाही," सतीशने डावीकडून दुसरी टाकली.

"पुरे," मी म्हटलं. पण आमच्याकडे पाहुण्याने पहिल्यांदा म्हटलेलं पुरे धरत नाहीत, दुसऱ्यांदा म्हटलेलंही धरत नाहीत. ताटाला ढीग लागला. खाल्ल्याशिवाय गती नव्हती म्हणून मी खायला लागले. चव वाईट नव्हती. गोड होती, मटणाला गूळ लावावा तशी, पण मांस हाडावरून सुटून येत होतं. सुरी आणि काटा बाजूला सारून मी हातानेच खात होते.

"वसु," अण्णा म्हणाला, "त्याला सांग. दमला असेल. सकाळपासून क्लिनिकात उभा असतो."

"आज रविवार आहे," सतीश कणसाला म्हणाला. "आक्का, तू सांग. गुडघे कोणाचे दुखतात ते सगळ्या गावाला ठाव आहे."

बस हा शब्द दोघांपैकी कुणीही उच्चारला नाही. त्या शब्दाने काय झालं होतं ते दोघांच्याही चांगलं ध्यानात होतं.

एवढ्यात पाठीमागच्या टेबलावरच्या एका माणसाने अण्णाला बोटाने खूण केली. त्याचं चुकलं असं म्हणता येणार नाही. काळ्या टी-शर्टांच्या गर्दीत पांढरी वेष्टी आणि जरीचं उपरणं घातलेला, हातात चिमटा घेतलेला म्हातारा म्हणजे मालकच असणार. "सार, टिश्यू," तो माणूस म्हणाला. अण्णा क्षणभर घोटाळला. पण जेवणाऱ्या माणसाने काही मागितलं आणि उभा माणूस नाही म्हणाला, असं आमच्या घरात कधी झालेलं नाही. त्याने टिश्यू नेऊन दिले. आणि दिले ते दिले, वर विचारलं, "मटण नीट शिजलं आहे ना?" हा प्रश्न सगळ्या हॉटेलाने ऐकला. तो माणूस घाबरून म्हणाला, शिजलंय. "मग उरवलंस का?" अण्णाने विचारलं, आणि त्या माणसाने मुकाट्याने बरगडी उचलली.

हे सतीशला सहन होण्यासारखं नव्हतं. तो दुसऱ्या बाजूला वळला. तिथे कॉलेजातल्या मुली बसल्या होत्या. त्याने त्यांच्या ग्लासांत पाणी ओतलं, त्यांच्या फळीवरचा स्टेक स्वतः कापून दिला, आणि एकीला हाड दाढेखाली धरू नको, आतून किडली आहे, असंही सांगितलं. तिने तोंड मिटून घेतलं. थोड्याच वेळात हॉटेलाचा उजवा अर्धा भाग अण्णाकडे आणि डावा सतीशकडे असं आपोआप ठरून गेलं. काळ्या टी-शर्टातली पोरं भिंतीला टेकून बघत होती. मला काय वाटलं सांगू? मला दोघांचा अभिमान वाटला. इतकं छान वाढणारी माणसं आता कुठे मिळतात? आणि त्याच वेळी हे चिमटे घेऊन दोघांच्या पाठीत घालावेत असंही वाटत होतं.

अखिला माझ्यापाशी येऊन वाकली. "अम्मा, ते दोघं जेवणार नाहीत का?"

"जेवतील. पाहुण्यांचं झालं की."

तिने भरलेल्या हॉटेलाकडे एकदा बघितलं. "पाहुणे कोण?"

"मी," मी म्हटलं.

आणि ते म्हटल्यावर मला एकदम फार वाईट वाटलं. माझ्या जन्मगावात, माझ्या दोन भावांच्या मधे बसून, मी स्वतःला पाहुणी म्हणवून घेत होते. भावांबरोबर जेवायला म्हणून आले होते आणि घरी जेवते तशीच एकटी जेवत होते. घरी निदान समोर टीव्ही तरी असतो. माझ्या ताटात दोन्हीकडून आलेल्या बरगड्या थंड होत होत्या, माझ्या बोटांना गोड रस चिकटला होता, आणि अण्णा परत येऊन आणखी एक बरगडी चिमट्यात धरून माझ्यावर रोखून उभा होता.

मी उठून उभी राहिले. सतीश ते बघून धावत आला. आता आम्ही तिघेही उभे आणि टेबलाला सहा खुर्च्या मोकळ्या.

अखिला लांबूनच म्हणाली, "सर, खुर्च्यांचा काही प्रॉब्लेम आहे का?"

"मला वाढू नका," मी म्हटलं. "दोघांपैकी कोणीही."

"का गं? नीट नाही झालं?" अण्णा म्हणाला, जणू त्यानेच शिजवलं होतं.

"मला पाहुणीसारखं वाढू नका. मला ह्या गावात पाहुणी होऊन कंटाळा आला. बँकेत येते, डॉक्टरकडे येते, बसस्टँडावर उभ्याने कॉफी पिते आणि परत जाते. तुम्ही दोघे बोलेनासे झालात तेव्हापासून मी एकाच्याही उंबऱ्यात पाय ठेवला नाही. कोठे ठेवणार? एकाकडे ठेवला तर दुसरा गेला. मला तुमच्या बरगड्या नकोत. मला माहेर पाहिजे."

माझा आवाज चढला होता. शेवटी मी अण्णाचीच बहीण.

अण्णाने चिमटा खाली केला. "म्हणजे काय? तू त्याच्याकडे उतरतेस ना?"

"नाही."

"असं कसं? बँकेतला रघोजी बोलला मला, वसुला तेथे पाहिलं म्हणून. एकदा नव्हे. दर वेळी मी म्हटलं, धाकट्याकडे आली असेल."

"आक्का, तू अण्णांकडे नाही जात?" सतीश म्हणाला. "मला पण लोक सांगत होते, तुला देवळात पाहिलं, बाजारात पाहिलं. मी म्हटलं अण्णांकडे असणार. म्हणून मी कधी विचारलं नाही. मला वाटायचं, तुला तेथे बरं वाटतं तर राहू दे."

"मला पण तेच वाटलं," अण्णा म्हणाला. "वाटलं, एकाकडे तरी आहे. सुखात आहे."

तो हे इतकं हळू बोलला, की ते फक्त आम्हा दोघांना ऐकू आलं. अण्णाला हळू बोलता येतं हे मला त्या दिवशी कळलं. दोघेही एकमेकांकडे न बघता माझ्याकडे बघत होते, आणि दोघांच्याही तोंडावर एकच भाव होता, चोरी झाली आहे पण कुणी केली ते कळत नाही असा. इतकी वर्षं दोघं आपापल्या घरी बसून माझं माहेर दुसऱ्याच्या घरी आहे असं समजत होते. त्याचा दोघांना राग होता, आणि त्या रागातही मला तिथे सुखाने राहू देत होते. मला हसावं की काय करावं ते कळेना.

पाठीमागच्या माणसाने पुन्हा काहीतरी मागितलं. कुणी गेलं नाही. शेवटी काळ्या टी-शर्टातला एक पोरगा गेला.

मग अण्णाने हातातली बरगडी माझ्या ताटात न टाकता फळीवर परत ठेवली. चिमटा तिच्या शेजारी ठेवला. खांद्यावरचं उपरणं काढून त्याची घडी केली. मग एका हाताने टेबल धरून, दुसऱ्या हाताने गुडघा धरून, तो माझ्या उजवीकडच्या खुर्चीवर बसला. मला आधी वाटलं, चक्कर आली. सतीशलाही तेच वाटलं असावं, कारण तो पाण्याचा ग्लास घेऊन पुढे झाला. अण्णाने ग्लास घेतला नाही. समोरचं रिकामं ताट जवळ ओढलं, सरळ केलं, आणि सतीशच्या तोंडाकडे बघून म्हणाला, "वाढ."

हॉटेलातल्या इतर कुणाला त्यात विशेष काही वाटलं नसेल. म्हातारा दमला, बसला, जेवायला मागतो आहे. पण त्या एका शब्दात अण्णाने आईच्या मागे सांभाळलेलं घर देऊन टाकलं, तै महिन्यातलं जेवण देऊन टाकलं, थोरलेपण देऊन टाकलं. मला त्याची इतकी कणव आली की मीही खाली बसले.

सतीशच्या हाताची गावात ख्याती आहे. अक्कलदाढ काढताना तो हात हलत नाही म्हणतात. त्या हाताने चिमट्यात धरलेली पहिली बरगडी घसरून टेबलावर पडली. दुसरी अण्णाच्या ताटात पोचली. अण्णाने ती उचलली, एक घास तोडला आणि सावकाश चावला.

"गोड आहे," अण्णा म्हणाला, नेहमीच्या आवाजात. "मीठ नाही."

"चुकलं, अण्णा," सतीश म्हणाला. "पुढच्या वेळी बघतो."

काचेमागच्या स्वयंपाकघरातल्या आचाऱ्याने मान वर करून या दोघांकडे बघितलं. सतीशने धावत जाऊन मीठ आणलं आणि अण्णाच्या ताटाच्या कडेला वाढलं, चिमूटभर, आमच्याकडे पानाच्या टोकाला वाढतात तसं.

"कणीस वाढू?"

"वाढ."

"बटाटा?"

"थोडा. ए, थोडा म्हटलं."

"घ्या की, अण्णा. काय खाल्लंत तुम्ही? काही नाही खाल्लंत."

"पुरे."

सतीशने ते धरलं नाही. अण्णाने ताटावर हात आडवा धरला, तरी बोटांच्या फटीतून एक बरगडी गेलीच. अण्णा खाली मान घालून जेवत होता. त्याच्या हनुवटीला रस लागला होता आणि तो पुसत नव्हता. घरच्या जेवणात त्याला कुणी आग्रह करून वाढलं, असं गेल्या चाळीस वर्षांत झालेलं नव्हतं, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. तो मुद्दाम सावकाश खात होता की खरोखर भूक होती, ते सांगता येत नाही. सतीशच्या पोटात कावळे ओरडत होते, ते मला शेजारी बसून ऐकू येत होते, पण अण्णाने हात धुतल्याशिवाय तो बसणार नव्हता. अण्णाने आणखी एक स्टेक मागवला.

"वसु, बेगीन खा, थंड होतं," तो मला म्हणाला.

मी खाऊ लागले. तेवढ्यात पर्समधला फोन वाजला. माझी ओरत्तनाडूची शेजारीण भामा होती. संध्याकाळचं दूध येतं ते तिने घेऊन ठेवायचं का आणि मी कितीच्या बसने येते, हे तिला हवं होतं.

"दूध तूच घे," मी म्हटलं. "आज मी येत नाही. उद्याचंही तूच घे."

"अय्यो, मग तू राहणार कोठे?"

"माहेरी."

भामा शेजारी राहायला आली त्याला बरीच वर्षं झाली. तिने मला एकदाही कुठे जाऊन राहिलेलं बघितलेलं नाही. ती म्हणाली, "तुला कोठलं गं माहेर?"

"आहे," मी म्हटलं. "जेवतं आहे."